पहिली पिकअप घेताय? आधी हौदा मापा

मागच्या महिन्यात शेजारचा पोरगा मोबाइल पुढे करत आला. "काका, दोन गाड्या काढल्यात, कुठली घेऊ तेवढं सांगा." दोन्ही गाड्यांचे फोटो समोरून काढलेले. हेडलाइट दिसत होते, बंपर दिसत होता, टेपचा तर वेगळा फोटो होता. हौद्याचा, म्हणजे मागे माल भरायच्या भागाचा, एकही नव्हता. मी विचारलं, "भरणार काय?" तर म्हणे, "मिळेल ते."

मिळेल ते भरणारी गाडी असतेच, पण तिला मिळेल तेच भाडंही घ्यावं लागतं. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून आळेफाटा, माळशेज, कल्याणमार्गे वाशीला नेण्यात माझी चौदा वर्षं गेली. इंजिनाच्या गप्पा मी भरपूर ऐकल्या आणि मारल्याही. पण रात्री दोन वाजता हमाल गाडीपाशी येतात, तेव्हा कोणी इंजिन बघत नाही. फाळका, म्हणजे हौद्याची खाली पडणारी बाजू, कुठून उघडतो, एवढंच बघतात. म्हणून पोराला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने.

१. वहीत माल लिहा

शोरूमला जायच्या आधी एक पान घ्या. पुढच्या वर्षभरात गाडीत काय काय जाईल, महिन्यावार लिहा. चैत्रात काय, पावसाळ्यात काय, दिवाळीत काय. प्रत्येक मालापुढे चार गोष्टी: एका नगाचं माप, एका नगाचं वजन, भरणार कोण, उतरवणार कोण. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

आठ महिने एकच माल आणि चार महिने फुटकळ भाडी असतील, तर हौदा आठ महिन्यांच्या मालाचा घ्या. एखाद्या लग्नाच्या मंडपाचं सामान मावलं नाही म्हणून धंदा बुडत नाही.

२. माल वजनाचा की जागेचा?

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी निवड झाली. वाळू, विटा, सिमेंट, खताच्या गोण्या हा वजनाचा माल. हौदा निम्माही भरत नाही, पण पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसतात. कडबा, रिकामे क्रेट, गाद्या, थर्माकोल हा जागेचा माल. गाडी डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर चारशे किलो निघते.

वाळूचं उदाहरण घेऊ. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साधारण साडेचार टन. पाव ब्रास म्हणजे २५ घनफूट, अकराशे किलोच्या आसपास, ओली असेल तर जास्तच. हौदा ९ फूट बाय साडेपाच फूट असेल तर तळ झाला साडेएकोणपन्नास चौरस फूट. त्यावर पाव ब्रास पसरली तर थर किती? सहा इंच. वीतभरही नाही! बांधकामाचा माल नेणारा जेव्हा तीन फुटी फाळके करून घेतो, तेव्हा त्याने खरं तर ओव्हरलोडसाठी जागा करून घेतलेली असते. रिकामी दिसणारी जागा समोरच्याला बघवत नाही. "एवढी जागा आहे की, टाका अजून दहा घमेली" असं होतंच.

कडबेवाल्याचं याच्या उलट. त्याला लांबी आणि उंची लागते, जाड पत्रा लागत नाही. त्याने तळाला दुहेरी पत्रा मारून घेणं म्हणजे फुकट वजन फिरवणं. किती फुकट? ३ मि.मी. जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. वर म्हटलेल्या हौद्याचा तळ ४.६ चौरस मीटर. म्हणजे एक जादा पत्रा टाकला की १०८ किलो. रोज, प्रत्येक फेरीला, दोन माणसं कायमची गाडीत बसवून फिरल्यासारखं.

३. अंगणात खडूने हौदा आखा

ज्या गाड्या डोक्यात आहेत त्यांच्या हौद्याची आतली लांबी-रुंदी विचारून घ्या. बाहेरची नको, आतली. मग अंगणात किंवा खळ्यावर खडूने तेवढा चौकोन आखा आणि आपला खराखुरा माल त्यात मांडा.

आमच्या टोमॅटोच्या क्रेटला इकडे सर्रास कॅरेट म्हणतात. नेहमीचं कॅरेट ५४० मि.मी. लांब, ३६० रुंद, २९० उंच. माल वीस-एकवीस किलो आणि कॅरेटचं स्वतःचं वजन धरून तेवीस किलो धरा.

समजा हौदा आतून ३०५० लांब आणि १७०० रुंद आहे. आडवी तीन कॅरेट लावली की १६२० झाले, हात घालायला चार बोटं जागा उरली. लांबीत ३६०च्या आठ ओळी बसतात. एका थरात चोवीस. तीन थर बहात्तर, वजन १६५६ किलो. गाडी १.७ टनाची असेल तर तिसऱ्या थरालाच कागदावरचं वजन संपलं. लोक चौथा थर लावतात, पाचवाही लावतात, मीही लावलेला आहे. पण हिशेब कुठे संपतो ते तरी माहीत असावं.

आता छोटा हत्ती घ्या. टाटा एस २००५ साली आली आणि गल्लीबोळातला टेंपो तिने बदलून टाकला. तिच्या गोल्ड मॉडेलचा हौदा साधारण २२०० बाय १४९०. इथे कॅरेट उभी लावायची, म्हणजे लांब बाजू गाडीच्या लांबीला. रुंदीत ३६०ची चार, लांबीत ५४०ची चार, थरात सोळा. दोन थर म्हणजे बत्तीस, ७३६ किलो. गाडीची क्षमता साडेसातशेच्या आसपास. गाडी लहान आहे, पण या मालाला अंगाला शिवल्यासारखी बसते.

खरी गंमत मधल्या मापात होते. हौदा २६९० बाय १६२० असेल तर कागदावर आडवी तीन कॅरेट बरोब्बर बसतात. पाचशे चाळीस त्रिक सोळाशे वीस. प्रत्यक्षात भरलेलं कॅरेट कडेला थोडं फुगतं, फाळक्याच्या आत बिजागरीचं डोकं असतं, आणि तिसरं कॅरेट काही केल्या खाली जात नाही. मग सगळी उभी लावावी लागतात आणि लांबीतही पाचवी ओळ दहा मि.मी.साठी अडते. एकवीसच्या जागी सोळा. बोटभर जागेपायी थरामागे पाच कॅरेट गेली. हे शोरूममध्ये कळत नाही, खडूच्या चौकोनात कळतं. कळलं नाही तर दोन खरी कॅरेट गाडीत टाकून शोरूमलाच जा. लोक हसतील, हसू द्या.

४. माल चढणार कुठून, उतरणार कुठून

माझी पहिली गाडी घेतली तेव्हा मी तिच्या हौद्यावर अँगलची चार फूट उंच जाळी वेल्डिंग करून घेतली. तिन्ही बाजूंनी भक्कम. दरवाजा फक्त मागे. गावात सगळे म्हणाले, काय दणकट बॉडी केलीय! पहिल्याच रात्री वाशीला हमालांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि त्यातला म्हातारा म्हणाला, "शेठ, हा पिंजरा बनवलाय. वाघ आणलाय का?" पुढच्या टोकाचं कॅरेट काढायला दोघांनी आत चढायचं, एकाने मागे उभं राहायचं, प्रत्येक नग तीन हातांतून जायचा. शेजारच्या गाडीचे फाळके दोन्हीकडून पडले होते, ती अर्ध्या तासात रिकामी झाली. माझ्या गाडीला दीड तास लागला. सहा महिने रोज रात्री एक तास घालवला आणि मग तीच जाळी गॅस कटरने कापून तिला बिजागऱ्या लावल्या. मिस्त्रीचा दोष नव्हता, मी सांगितलं ते त्याने केलं.

तेव्हा हे बघा. माल बाजारात उतरत असेल, हातांनी उतरत असेल, तर तिन्ही बाजूंनी फाळके पडलेच पाहिजेत. शहरातल्या अरुंद गल्लीत दुकानापुढे लावून उतरवणार असाल तर बाजूचा फाळका पाडायला जागाच नसते, तिथे मागचा दरवाजा रुंद आणि सोपा हवा. धक्का असलेल्या गोदामात गाडी मागून लागते. तिथे हौद्याचा तळ आणि धक्का यांच्या उंचीत किती फरक पडतो ते मोजा. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांच्या उंचीतही फरक असतो.

माणसाने खांद्यावरून गोणी टाकायची असेल तर तळ कमरेएवढा बरा. छातीएवढ्या उंचीवर दिवसाला शंभर गोण्या चढवणारा हमाल दुसऱ्या दिवशी भाव वाढवून मागतो, आणि बरोबर मागतो.

५. हौद्याचे प्रकार आणि कुणाला काय

कंपनीचा उघडा हौदा, तिन्ही फाळके पडणारा. मिळेल ते भाडं मारणाऱ्याला, शेतकऱ्याला, हार्डवेअरवाल्याला हाच घ्या. त्यावर पुढे काहीही चढवता येतं, उतरवता येतं. विकताना गिऱ्हाईकही लगेच मिळतं. मात्र एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत किती बाजू उघडतात ते वेगळं असू शकतं, म्हणून फाळका स्वतः उघडून बघा.

काढघाल जाळीचा हौदा. खालचे फाळके मूळचेच, वर खोबणीत बसणाऱ्या जाळ्या. भाजी, फळं, कोबीसारखा सुटा माल, चारा यांसाठी याला तोड नाही. टोमॅटोच्या तीन थरांची उंची पावणेतीन-तीन फूट होते, तेवढी जाळी पुरे. खोबणीत बसणारी जाळी घ्यायची आणि तिला पिन लावायची. नुसती खोबणीत ठेवली तर खड्ड्यात उडते. जाळीचे तुकडे एका माणसाला उचलता येतील एवढेच ठेवा. माझ्याकडे एका बाजूला दोन तुकडे आहेत.

लासलगावसारख्या बाजारात सुटा कांदा नेणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे गाडीतल्या कांद्याचाच लिलाव होतो, मग काटा आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी रिकामी. त्यांना जाळीपेक्षा बंद पत्र्याचे, फट नसलेले फाळके हवेत, आणि मागचा फाळका असा की तो वरून थोडा सैल केला की कांदा धारेने खाली येतो. फाळका खटकन पूर्ण पडला तर दोन पोती कांदा पायाशी आणि आपण त्यात.

कमानी आणि ताडपत्री. पावसाळ्यात माळशेजमध्ये ढग गाडीच्या आतून जातात, तिथे नुसती वरून टाकलेली ताडपत्री फडफडून दोन फेऱ्यांत फाटते. कमानी असल्या की पाणी साचत नाही आणि मालाला हवाही लागते. बंद कंटेनरचा खर्च आणि वजन नको असणाऱ्याला हा मधला मार्ग. दोर अडकवायचे हूक फाळक्याच्या बाहेर, खालच्या अंगाला हवेत. वर असले की दोर ताणला जात नाही.

बंद कंटेनर. कुरिअर, औषधं, बेकरी, कपडा, इलेक्ट्रिक सामान. कुलूप लागतं, पाऊस लागत नाही, कंपन्यांची कायमची कामं या गाडीला मिळतात. पण वजनाचा हिशेब करा. समजा गाडीचं एकूण मान्य वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, २९९० किलो आहे आणि उघड्या हौद्यासह रिकामी गाडी १६९०. माल बसला १३००. कंटेनर उघड्या हौद्यापेक्षा अडीचशे किलोने जड निघाला तर मालाला उरले १०५०. जीव्हीडब्ल्यू वाढत नाही, कंटेनरचं वजन तुमच्या मालातूनच जातं. शिवाय समोरचा वारा अडतो, डिझेल जास्त जातं, आणि सोसायटीच्या कमानीखाली किंवा गावातल्या लोंबत्या तारांखाली गाडी घालताना मान बाहेर काढून बघावं लागतं. कंटेनरला मागे एकच दरवाजा नको. डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथकडे, दुसरा दरवाजा मागून घ्या.

थंड गाडी, म्हणजे रीफर, नवख्याने भाड्याचा करार हातात असल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलेशनचं वजन, कूलिंग युनिटचं वजन, त्याचं डिझेल, त्याचा मेकॅनिक, सगळंच वेगळं. द्राक्ष, आइस्क्रीम, मासे यात बारमाही काम असेल तरच.

टिपर. हायड्रॉलिकने उचलणारा. शहरातली घंटागाडी हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं रूप. खडी-मुरूम, कचरा, शेणखत यांना सोपा. पण उचललेला हौदा उतारावर किंवा मऊ जमिनीवर गाडी आडवी करू शकतो. शेतात शेणखत टाकणार असाल तर मी फावड्याचाच सल्ला देईन.

टाकी. पाण्याचा धंदा करणारे हौद्यात प्लास्टिकची टाकी दोराने बांधतात. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन, वर टाकीचं आणि पंपाचं वजन. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट, कारण ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं आणि वळणावर बाजूला. आत आडपडदे असलेली, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, फ्रेमने धरलेली टाकीच घ्या.

दोन रांगांची केबिन असलेली कॅम्परसारखी पिकअप. पाच-सहा माणसं आणि थोडं सामान, कंत्राटदार, वायरमन, केबलवाले यांना छान. हौदा आखूड असतो, काही मॉडेलांत चाकांचे उंचवटे हौद्याच्या आत येतात आणि मधली सपाट जागा फारच थोडी राहते. हायलक्स, व्ही-क्रॉस असल्या गाड्यांचं तेच. त्या गाड्यांवर प्रेम करावं, भाडं मारू नये.

जनावरं नेणार असाल तर मात्र थांबा. याचे नियम स्वतंत्र आहेत. मोटार वाहन नियमांत गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर जागा आणि कायमचे आडपडदे असलेली गाडी सांगितली आहे, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. आपला साडेचार चौरस मीटरचा हौदा म्हणजे दोनच जनावरं. बाजारात जे दिसतं त्यावर जाऊ नका.

६. तयार हौदा की चासी घेऊन बॉडी बांधायची?

कंपन्या बऱ्याच पिकअप कॅब-चासी रूपातही देतात, म्हणजे केबिनच्या मागे नुसती उघडी चासी. कंटेनर, टाकी, टिपर असं ठरलेलं काम असेल तर हेच बरोबर. उघडा हौदा हवा असेल तर कंपनीचाच घ्या. पैसे थोडे वाचतील म्हणून बाहेर बांधायला जाल आणि पंधरा दिवस गाडी मिस्त्रीच्या दारात, हप्ता मात्र सुरू.

बाहेर बांधणार असाल तर मिस्त्रीकडे चार गोष्टींवर अडून बसा.

चासीवर वेल्डिंग नाही आणि मनाला येईल तिथे भोक नाही. बॉडी यू बोल्टने किंवा कंपनीने दिलेल्या ब्रॅकेटवर बसते, मध्ये रबर किंवा लाकडाची पट्टी. माझ्या ओळखीतल्या एकाची चासी वेल्डिंगच्या कडेनेच तडकली, दुरुस्तीला गेला तर वॉरंटी नाकारली गेली. तडा आधी केसाएवढा होता. गाडी धुताना गंजाची एक बारीक लाल रेघ दिसली, तेवढीच खूण.

हौदा मागे लांबवू नका. मागच्या चाकापासून मागे निघणारा भाग व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे, आणि नियम नसता तरी घाटाने तो शिकवला असता. अॅक्सलच्या मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागतं, नवख्याला वाटतं गाडी छान चाललीय. ती छान चाललेली नसते, पुढच्या टायरची पकड सुटत आलेली असते. भरलेल्या मालाचा मध्य मागच्या चाकाच्या थोडा पुढे पडला पाहिजे, बॉडी आखतानाच ही खूण चासीवर खडूने करून घ्या.

पत्रा कुठला, जाडी किती, आडवे चॅनल किती अंतरावर, हे कागदावर लिहून घ्या. "भारीतलं मारतो शेठ" याला जाडी नसते.

आणि बॉडी झाली की गाडी रिकामीच वजनकाट्यावर घाला. पावती जपून ठेवा.

७. तळ, कडी, बिजागरी

या भागाकडे कोणी बघत नाही, आणि दुरुस्तीचे पैसे इथेच जातात.

तळाला चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, असेल तर गोणी घसरत नाही, पण ती ओढायलाही जड जाते. साधा गुळगुळीत पत्रा सरकवायला सोपा, पावसात माणूस घसरतो. फर्निचर, काच, फरशी नेणाऱ्यांनी पत्र्यावर १२ मि.मी. प्लाय टाकावा, ओरखडे वाचतात, खडखड थांबते, आणि वजन पत्र्याच्या निम्म्याहूनही कमी. वर्षाने प्लाय बदलायचा, हौदा नाही.

कोकणात मासे नेणाऱ्यांचं दुखणं खारं पाणी. थर्माकोलच्या पेट्यांतून बर्फाचं पाणी झिरपतं, ते तळाच्या पत्र्याखाली, जिथे आडवा चॅनल पत्र्याला लागतो त्या सांध्यात जाऊन बसतं. वरून हौदा चकाचक आणि खाली चॅनलचा पापड. त्यांनी तळाला उतार, कोपऱ्यांत पाणी जायची भोकं आणि शक्य असेल तर अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा थर करून घ्यावा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुताना पाइप खालूनही मारायचा.

फाळक्याची कडी हाताने दहा वेळा उघडून-लावून बघा. लावायला हातोडी लागत असेल तर वर्षभर लागणार. उघडताना बोट चिमटत असेल तर अंधारात नक्की चिमटणार. पडलेला फाळका धरायला साखळी हवी. नाहीतर तो सरळ खाली आपटतो आणि मागचे दिवे फोडतो. बिजागरीच्या पिनेला शेवटी खिळा किंवा स्प्लिट पिन आहे का, तेही बघा.

८. कागद

आरसीवर गाडीचा बॉडी प्रकार आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. उघड्या हौद्याची गाडी घेऊन पुढे कंटेनर चढवलात तर तो बदल आरटीओत दाखवून आरसीवर घ्यावा लागतो. न दाखवता केलेला बदल पासिंगला आणि त्याहून जास्त विम्याला नडतो. बॉडी बाहेरून बांधली असेल तर तिची किंमत विम्यात धरली आहे का ते पॉलिसीत वाचा. नाहीतर अपघातात चासीचे पैसे मिळतात आणि बॉडी आपल्या खिशातून. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. त्यात दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या बघतात: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. जाळी किंवा कंटेनर लावताना या पट्ट्या झाकल्या जातात, त्या नव्याने बाहेर लावा.

एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. ही रेघ लक्षात ठेवा, कारण थोड्याशा जास्त क्षमतेसाठी ती ओलांडली की कागदांचा एक गठ्ठा वाढतो. धंद्याला खरंच लागत असेल तर खुशाल ओलांडा. लायसन्सची चिंता नको. ७५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पक्कं केलं आहे.

ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. माल बाजूने, मागे किंवा उंचीने हद्दीबाहेर गेला तरी २० हजारच. सहा मीटरचा पाइप दहा फुटी हौद्यातून मागे लोंबकळत नेणाऱ्यांनी हा आकडा पाइपच्या भाड्याशी ताडून बघावा. आणि हौद्यात माणसं बसवायची नाहीत. वऱ्हाड असो, मजूर असोत, देवाला जाणारे घरचे असोत. मालगाडीच्या हौद्यात माणूस गेला तर विमा कंपनी हात वर करते.

९. ताबा घ्यायच्या दिवशी

नारळ फोडायच्या आधी अर्धा तास काढा. मापाची टेप, विजेरी आणि एक बादली पाणी सोबत न्या.

टेपने हौद्याच्या आतला एक कर्ण मापा, मग दुसरा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. बोटभर फरक असेल तर हौदा तिरका बसलाय आणि फाळके पुढे कुरकुरणार. गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन बसा आणि हौदा केबिनच्या सरळ रेषेत आहे का बघा. विजेरी घेऊन खाली आडवे व्हा, प्रत्येक यू बोल्टला हात लावा. नवीन कपडे घालून जाऊ नका, हार घालायला पाहुणे थांबले असले तरी.

शेवटी फाळके सगळे लावून बादलीभर पाणी हौद्यात ओता आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहा. शेजारच्या पोराने हे केलं तेव्हा सेल्समन त्याच्याकडे वेड्यासारखा बघत होता. पाणी उजव्या कोपऱ्यात साचलं, हललंच नाही. तिथलं भोक रंगाने बुजलं होतं. त्याच वेळी खिळा घालून ते मोकळं करून घेतलं आणि मग पेढे वाटले.